दाराला कुलूप नव्हते: महाराष्ट्र विधानमंडळाच्या सदस्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा व विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य,
विधान भवन, मुंबई

विषय: उचलीच्या, म्हणजे कामाआधी दिलेल्या आगाऊ रकमेच्या, वसुलीसाठी माणूस अडकवून ठेवणे हा स्वतंत्र, दखलपात्र आणि आपसात मिटवता न येणारा गुन्हा ठरवणारा राज्याचा कायदा करण्याबाबत.

महोदय, महोदया,
सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात वकिली करते. माझे आईवडील ऊस तोडायला जात. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत मीही दर हंगामाला त्यांच्याबरोबर पश्चिम महाराष्ट्रात गेलेली आहे. पुढे मामांनी मला गावी ठेवून घेतले म्हणून शाळा झाली. हे सांगितले ते अशासाठी की या पत्रातल्या काही गोष्टी मला पुस्तकातून कळल्या आहेत आणि काही त्याच्या पुष्कळ आधी.

गेल्या वर्षी मार्च संपत आला होता. कारखान्यांचे पट्टे पडत होते, म्हणजे गाळप संपत होते, टोळ्या गावाकडे परतत होत्या. एका संध्याकाळी कोर्ट सुटले तेव्हा पायरीवर तिशीतला एक माणूस बसलेला दिसला. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत घडी घातलेला नोटरीचा कागद. म्हणाला, "मॅडम, बायकू आन् पोरगी तिकडंच हायेत. पैसे घिऊन ये, मग घिऊन जा म्हन्लेत."

नवराबायकोच्या जोडीने, म्हणजे आमच्या भाषेत एका कोयत्याने, दसऱ्याच्या आसपास १ लाख १० हजारांची उचल घेतली होती. हंगामभर तोड केली. मध्ये मुलगी आजारी पडली, त्याचे खाडे झाले, खाड्यांचे पैसे वेगळे कापले गेले. शेवटी टोळी जमवणाऱ्या मुकादमाच्या वहीत ४२ हजार अंगावर निघाले. वही मुकादमाची, बेरीजही त्याचीच. मग ऊस वाहणाऱ्या आणि टोळीसाठी पैसे घालणाऱ्या ट्रॅक्टरमालकाने नवऱ्याला एकट्याला एसटीत बसवून दिले. बायको आणि सहा वर्षांची मुलगी मालकाच्या वस्तीवर, गोठ्यामागच्या पत्र्याच्या खोलीत राहिल्या.

मी तिथल्या पोलीस ठाण्याला फोन केला. एक हवालदार वस्तीवर जाऊन आले आणि त्यांनी मला कळवले, "मॅडम, दार सताड उघडं आहे. बाई अंगणात भांडी घासतीय. कुणी कोंडलेलं नाही. पैशाचा वाद दिसतोय, दिवाणी कोर्टात जा."

ते खोटे बोलत नव्हते. दार उघडेच होते. पण बाईचा मोबाइल पहिल्याच दिवशी काढून घेतला होता. आधार कार्ड आणि रेशन कार्ड मालकाच्या कपाटात होते. मुलीला रात्री मालकाच्या घरात झोपवत, बाहेर डास फार आहेत म्हणून. बाईला रोज एकदा सांगितले जाई की तू गेलीस तर नवऱ्यावर फसवणुकीची केस होईल आणि तो आत जाईल. तिच्याजवळ एक रुपया नव्हता आणि गाव तीनशे किलोमीटरवर होते. आता सांगा, ती बाई भांडी घासत होती की डांबलेली होती?

मी तिच्या नवऱ्याला घेऊन त्या जिल्ह्यात गेले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०० खाली, अन्यायाने अडकवून ठेवलेल्या व्यक्तीचा शोध घेण्यासाठी उपविभागीय दंडाधिकारी वॉरंट काढू शकतात. जुन्या संहितेत हेच कलम ९७ होते. तिथल्या दंडाधिकारी मॅडमनी अर्ज वाचला, नवऱ्याला चार प्रश्न विचारले आणि त्याच दिवशी वॉरंट दिले. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. अडकल्यापासून एकोणीस दिवसांनी मायलेकी बाहेर आल्या.

गोष्ट इथे संपली असती तर मी हे पत्र लिहिले नसते. गुन्हा नोंदला गेला, तो साध्या कलमाखाली. आणि सप्टेंबरमध्ये तीच बाई माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, मिटवून टाका." यंदा दुसरा कोणताही मुकादम त्यांना उचल द्यायला तयार नव्हता. केस काढून घेतल्याशिवाय देऊ नका, असा निरोप आधीच फिरला होता. घरात धान्याचे पोते नव्हते, मुलीच्या औषधांची उधारी होती. तडजोडीची पुरसिस, म्हणजे कोर्टात द्यायचे लेखी निवेदन, मीच टाइप करून दिली. तिने अंगठा दिला. आरोपी सुटले.

त्या पुरसिसवर वकील म्हणून माझी सही आहे. ती मला अजून सलते.

आता कायद्याकडे येते. आपण सारे कायदे करणारे आहात, तेव्हा कलमांचा कंटाळा करणार नाही अशी आशा आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम १२७ या गुन्ह्याचे आहे. कायद्याच्या मराठीत त्याला गैरपरिरोध म्हणतात. हा शब्द मी आजवर एकाही फिर्यादीच्या तोंडून ऐकलेला नाही. लोक म्हणतात, डांबून ठेवले, कोंडून घातले, बसवून घेतले. त्यातला 'बसवून घेतले' हा शब्द ऊसतोडीच्या भागात सर्वात जास्त ऐकू येतो आणि तोच सर्वात खरा आहे.

या कलमाची शिक्षा अशी: साध्या प्रकाराला एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही; तीन दिवस वा जास्त ठेवले तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही; दहा दिवस वा जास्त ठेवले तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि किमान दहा हजार दंड. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू झाली तेव्हा तीन आणि दहा दिवसांच्या शिक्षा जुन्या दंड संहितेपेक्षा वाढल्या, हे मान्य केले पाहिजे. पण शिक्षेचा आकडा कागदावर वाढला म्हणून पोलीस ठाण्यातले चित्र बदलत नाही. अडचण शिक्षेच्या आधीच आहे, दोन ठिकाणी.

पहिली अडचण व्याख्येची. ठरावीक मर्यादेपलीकडे जाता येऊ नये अशा रीतीने माणसाला अन्यायाने अडवणे, एवढीच व्याख्या आहे. ती पुरेशी रुंद आहे असे कोणी म्हणेल. पण कलमाखाली दिलेली उदाहरणे पाहा. एकात माणसाला भिंतींनी वेढलेल्या जागेत नेऊन कुलूप लावले आहे. दुसऱ्यात इमारतीच्या वाटांवर बंदूकधारी उभे केले आहेत, बाहेर पडलास तर गोळी घालू असे सांगितले आहे. ही उदाहरणे १८६० च्या दंड संहितेतली. नव्या संहितेत ती तशीच उतरली. शारीरिक बळ वापरलेच पाहिजे असे नाही, भीती घालूनही परिरोध होतो, हे न्यायालयांनी मान्य केलेले आहे आणि युक्तिवाद करताना आम्ही ते सांगतो. पण युक्तिवादाची वेळ येते कधी? आधी ठाण्यातल्या टेबलावर फिर्याद लिहून घेतली गेली पाहिजे. त्या टेबलामागे बसलेला माणूस भिंत शोधतो, कुलूप शोधतो. दिसले नाही की दिवाणी कोर्टाचा रस्ता दाखवतो.

कुलूप दिसते तेव्हा हीच यंत्रणा धावते, हेही आपण पाहिले आहे. जून २०२३ मध्ये धाराशिव जिल्ह्यात ढोकी पोलिसांनी विहीर खोदणाऱ्या अकरा मजुरांना सोडवले. दिवसभर विहिरीत राबवून रात्री त्यांना साखळदंडाने बांधून ठेवत. त्यांच्यातला एक जण निसटला आणि त्याच्यामुळे बाकीच्यांची सुटका झाली. पोलिसांनी माणसांच्या व्यापाराचे कलमही लावले. ते योग्यच झाले. पण मला सारखे वाटते, साखळी नसती तर? तीच माणसे, तीच विहीर, तेवढीच मारहाण आणि साखळीच्या जागी फक्त काढून घेतलेले मोबाइल. त्या निसटलेल्या माणसाचे कोणी ऐकले असते का?

दुसरी अडचण तडजोडीची. कलम १२७ खालचे बहुतेक गुन्हे, अगदी दहा दिवस किंवा जास्त डांबून ठेवण्याचासुद्धा, ज्याला डांबले त्याच्या इच्छेने मिटवता येतात. कोर्टाची परवानगीही लागत नाही. आणि तडजोड झाली की कायद्याच्या दृष्टीने आरोपी निर्दोष सुटतो. दोन शेजाऱ्यांच्या भांडणात एकाने दुसऱ्याला तासभर खोलीत कोंडले, तर ही तरतूद शहाणपणाची आहे. पण जिथे फिर्यादीची पुढच्या वर्षाची भाकरी आरोपीच्या हातात आहे, तिथे तिची 'इच्छा' म्हणजे काय? १९८२ साली एशियाडच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वेठबिगारीला मनाई करणाऱ्या संविधानाच्या अनुच्छेद २३ मधले बळ हे केवळ शरीराचे बळ नव्हे. परिस्थितीने दुसरा पर्यायच ठेवला नाही तर तेही बळच. त्या निकालाला चाळीसहून अधिक वर्षे झाली. तालुका कोर्टात मात्र त्याच परिस्थितीने दिलेला अंगठा आजही राजीखुशीचा धरला जातो.

इथे थोडे माझे सांगते.

मी नऊ वर्षांची होते. आमचा टायरगाडीचा कोयता होता, म्हणजे तोडलेला ऊस आम्ही आमच्या बैलगाडीने वाहत असू. हंगामाच्या मध्यावर एक बैल पाय मोडून गेला. बैल गेला की गाडी गेली आणि गाडी गेली की उचल अंगावर येते. अण्णांना गावी जाऊन पैसे आणायला सांगितले. आई टोळीबरोबर दुसऱ्या फडावर गेली आणि मला मुकादमाच्या नातेवाइकांच्या घरी ठेवले. दोन दिवसांसाठी. तेवीस दिवस झाले. मला कोणी मारले नाही, हे मी मुद्दाम लिहिते. भाकरी मिळायची. घरातली आजी कधी कधी डोक्याला तेलही लावायची. मी भांडी घासायचे, त्यांचे लहान पोर सांभाळायचे. एका दुपारी घरात कोणी नव्हते. मी गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेले. तिथून डांबरी रस्ता दोन्हीकडे जात होता. आमचे गाव कोणत्या बाजूला आहे ते मला माहीत नव्हते. थोडा वेळ उभी राहिले आणि परत येऊन भांडी घासायला बसले.

अण्णांनी त्या वर्षी अर्धा एकर विकले. आई त्यानंतर कित्येक महिने मला रात्री हाताशी धरून झोपायची. या गोष्टीबद्दल आमच्या घरात कधी कोणी बोलले नाही. कारण आमच्याकडे ती फार मोठी गोष्ट समजली जात नव्हती. अशी मुले, अशा बायका दर वर्षी कुठे ना कुठे मागे राहत. पैसे दिले की परत येत. भांडे गहाण ठेवावे तसे.

वेठबिगारीविरुद्ध कायदा आहेच, असे मला सांगितले जाईल. आहे. १९७६ चा वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा माझ्या टेबलावर कायम असतो. फार मोठ्या मनाने लिहिलेला कायदा आहे तो. कर्जापोटी देशभर मोकळेपणाने फिरण्याचा हक्क गमावणे ही वेठबिगारीची एक खूण आहे, हे त्याच्या व्याख्येतच आहे. वेठबिगारीचे कर्ज त्याने रद्द केले. कर्ज तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर टाकली. जिल्ह्याजिल्ह्यात, उपविभागात दक्षता समित्या नेमायला सांगितल्या. पण शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि दंड दोन हजारांपर्यंत, गुन्हा जामीनपात्र. १९७६ साली दोन हजार रुपयांना जी किंमत होती ती आज नाही, दंड मात्र तोच. आणि प्रत्यक्षात या कायद्याखाली गुन्हा नोंदवायचा म्हटला की आमच्याकडे पहिला प्रश्न येतो: "ऊसतोडवाले वेठबिगार कसे? ते तर स्वतःहून उचल घेऊन जातात." त्या प्रश्नाला उत्तर देण्यात आठ दिवस जातात. त्या आठ दिवसांत बाई पत्र्याच्या खोलीतच असते.

पुनर्वसनाचेही तेच. केंद्राच्या योजनेत सुटका झालेल्या मजुराला ३० हजारांपर्यंत तातडीची मदत आहे. पुढे प्रौढ पुरुषाला १ लाख, स्त्रिया आणि मुलांना २ लाख, अतिशोषणाच्या प्रकरणांत ३ लाख. पण ही मोठी रक्कम आरोपीला शिक्षा होण्याशी बांधलेली आहे. म्हणजे ज्या पैशाच्या जोरावर ती बाई मुकादमाला नाही म्हणू शकली असती, तो पैसा तिने मुकादमाला कोर्टात हरवल्यानंतर मिळणार. मधल्या वर्षांत तिने खायचे काय?

हा प्रश्न उसापुरता नाही. रायगड, ठाणे, पालघरच्या कातकरी वस्त्यांमधून वीटभट्ट्यांवर आणि कोळसा भट्ट्यांवर जाणारी कुटुंबे याच बयान्याच्या, म्हणजे आगाऊ पैशाच्या, दोरीने बांधली जातात. विवेक पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने चार दशकांपूर्वी वसईच्या परिसरात वेठबिगार सोडवायला सुरुवात केली, तेव्हाही कर्जाच्या रकमा किरकोळ होत्या आणि पिढ्या अडकलेल्या होत्या. आणि २०२१ साली मोखाडा तालुक्यात एका आदिवासी बापाने आत्महत्या केली. मुलाच्या अंत्यविधीसाठी घेतलेल्या पाचशे रुपयांपायी त्याला राबवून घेतले जात होते, असा त्याच्या घरच्यांचा आरोप होता. पाचशे रुपये. त्या बातमीनंतर मी बरेच दिवस कुठलाही निकाल धड वाचू शकले नव्हते.

आता दुसरी बाजू. ती मांडली नाही तर हे पत्र अर्धे राहील आणि कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडचे सदस्य ते तिथेच बाजूला ठेवतील. मुकादम आणि टोळ्या उचल घेऊन येतच नाहीत, याने तिकडचे वाहतूकदार, म्हणजे टोळीला उचल देणारे ट्रॅक्टरमालक, बुडालेले आहेत. ट्रॅक्टरवर बँकेचे कर्ज, वर टोळीसाठी खासगी कर्ज, आणि ऑक्टोबर उजाडला तरी टोळीचा पत्ता नाही. काहींनी शेत विकले. मी अशा दोन वाहतूकदारांची फसवणुकीची प्रकरणे स्वतः चालवली आहेत, त्यांच्या बाजूने. त्यांच्या तक्रारी घ्यायलाही पोलीस टाळाटाळ करतात. मुकादम मधल्या मध्ये तीन ठिकाणांहून पैसे उचलतो आणि मजुराच्या हातात त्यातला एक वाटा पडतो, हे मजुराला माहीतही नसते. या लोकांना पैसे परत मिळण्याचा वेगवान, सोपा मार्ग मिळाला पाहिजे. कारखान्याने उचलीची जबाबदारी स्वतः घेतली पाहिजे, ती बँकेतून, मजुराच्या नावाने गेली पाहिजे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ त्यासाठी हाताशी आहे; प्रत्येक मजुराची आणि त्याच्या उचलीची नोंद तिथे व्हावी. मला हे सगळे मान्य आहे आणि त्यासाठी मी वाहतूकदारांबरोबर उभी राहीन. फक्त एक गोष्ट मान्य नाही. पैसे बुडाले म्हणून कोणाची बायको, कोणाचे पोर, कोणाचा म्हातारा बाप उचलून आणता येणार नाही.

म्हणून राज्याने स्वतःचा कायदा करावा. त्यात काय असावे असे मला वाटते ते सांगते. मसुदा करणारे याहून चांगल्या भाषेत लिहितील.

उचल, बयाणा किंवा कोणत्याही देण्याच्या वसुलीसाठी, अथवा काम सोडून जाऊ नये म्हणून, माणसाचे जाणेयेणे अडवणे हा गुन्हा असावा. आणि अडवणे म्हणजे काय हे कायद्याने उघड शब्दांत सांगावे: मोबाइल काढून घेणे, आधार, रेशन कार्ड, बँकेचे पासबुक ठेवून घेणे, बैल किंवा संसाराचे सामान अडकवणे, मजुरी रोखून ठेवून 'हिशेब झाल्यावर जा' म्हणणे, घरच्यांवर खोटी केस करण्याची धमकी देणे आणि कुटुंबातल्या कोणालाही मागे ठेवून घेणे. दार उघडे होते, भिंत नव्हती, माणूस स्वतःहून आला होता किंवा त्याने कागदावर सही केली होती, हा बचाव ठरू नये. उदाहरणे द्यायची तर आमची द्यावीत. गोठ्यामागची पत्र्याची खोली कायद्यात येऊ द्या. ठाण्यातला हवालदार ती वाचेल तेव्हा त्याला कुलूप शोधावे लागणार नाही.

मूल ठेवून घेतले असेल तर शिक्षा वेगळी आणि जास्त असावी. याबद्दल मी अधिक लिहीत नाही.

हा गुन्हा मिटवता येऊ नये. फिर्यादीने नंतर साक्ष फिरवली तरी पहिला जबाब दंडाधिकाऱ्यांसमोर झालेला असावा आणि तो सुटका झाल्यापासून दोन दिवसांत व्हावा. फिर्याद कोणत्याही ठाण्यात घेतली जावी. शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवायची सोय नव्या संहितेत आहेच. पण या गुन्ह्यात गावच्या ठाण्याने फिर्याद घेऊन चोवीस तासांत त्या जिल्ह्याच्या दंडाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक करावे. नवरा बीडमध्ये आणि बायको तीनशे किलोमीटरवर, तर वकिलाची फी आणि एसटीचे भाडे त्या नवऱ्याने कुठून आणायचे? माझ्या पक्षकाराकडे परतीच्या तिकिटाचे पैसे नव्हते. मदतीची रक्कम शिक्षेची वाट न पाहता सुटकेबरोबर मिळावी, राज्याने ती आधी द्यावी आणि केंद्राकडून नंतर घ्यावी. आणि देण्याचा हिशेब सिद्ध करण्याची जबाबदारी १९७६ च्या कायद्याप्रमाणे पैसे देणाऱ्यावरच राहावी. त्या वहीची प्रत दर पंधरवड्याला मजुराला मिळत नसेल, तर मुकादमाची वही हा पुरावा मानू नये.

केंद्राचा कायदा असताना राज्याला असे करता येते का, हा प्रश्न येणारच. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही त्यावर कायदा करता येतो. केंद्राच्या कायद्याशी विसंगती आली तर अनुच्छेद २५४ प्रमाणे राष्ट्रपतींची संमती लागते. स्त्रिया आणि मुलांवरच्या अत्याचारांबाबतचे शक्ती विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर करूनही त्या संमतीअभावी अडले, हे मला ठाऊक आहे आणि म्हणूनच मी संहितेच्या कलमांत दुरुस्ती मागत नाही. वेगळ्या विषयाचा, वेगळा, स्वतंत्र कायदा मागते आहे. असे कायदे याच सभागृहांनी केले आहेत. जातपंचायतींनी वाळीत टाकण्याला कोणत्याही संहितेत नाव नव्हते. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि २०१७ पासून तो लागू झाला. वाळीत टाकणारा कोणाच्या दाराला कुलूप लावत नाही. तरी त्याने माणसाचे जगणे कोंडले हे सभागृहाला दिसले. २०१४ च्या सावकारी कायद्यात कर्जदाराच्या मागे मागे फिरणे, त्याच्या घराभोवती घुटमळत राहणे हासुद्धा छळ मानला आहे. सावकार नुसता दाराशी उभा राहिला तर गुन्हा होतो आणि मुकादमाने पोर ठेवून घेतले तर पैशाचा वाद होतो, ही विसंगती तुम्हीच दूर करू शकता.

आणि त्याहून जुनी एक गोष्ट. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले होते. वतनाच्या तुकड्यापोटी दिवसरात्र, सांगतील तेव्हा, सांगतील ते काम करायला बांधलेल्या माणसांना मोकळे करण्यासाठी. पुढच्या वर्षी ते त्यांना मागे घ्यावे लागले. हलक्या गावकी वतनांचा शेवट करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडले. मधली तीस वर्षे ज्यांची गेली त्यांची नावे कोणी लिहून ठेवलेली नाहीत.

कायद्याचा दुरुपयोग होईल, असेही काही सदस्य म्हणतील. उचल बुडवायची आणि वर डांबल्याची फिर्याद द्यायची, असे होईल का? एखाद्या ठिकाणी होईल. म्हणूनच मी जबाब दंडाधिकाऱ्यांसमोर आणि लगेच घ्या म्हणते. आणि म्हणूनच वाहतूकदाराच्या पैशाचा मार्ग वेगळा आणि सोपा करा म्हणते. आज दोघांनाही मार्ग नाही, म्हणून एक जण पळतो आणि दुसरा पोर ठेवून घेतो.

शेवटची विनंती. विधेयक आलेच तर ते संयुक्त समितीकडे जाईल, समिती सुनावणी घेईल. ती मुंबईत घेऊ नका. बीडला घ्या, पाथर्डीला घ्या, जतला घ्या, मोखाड्याला घ्या. ज्या बाईने माझ्यासमोर पुरसिसवर अंगठा दिला ती बोलायला तयार आहे. मी तिला विचारले आहे. तिने एकच अट घातली, मुलीला बरोबर आणीन, घरी एकटी ठेवणार नाही. तिच्यासारख्या आणखी अकरा जणींशी माझे बोलणे झाले आहे. मीही येईन, माझ्या नऊ वर्षांच्या वयाची साक्ष द्यायला.

मात्र सुनावणी दसऱ्याच्या आत घ्या. त्यानंतर ट्रक लागतात आणि गावात सांगायला कोणी उरत नाही.

आपली नम्र,
एक वकील, ऊसतोड कामगारांची मुलगी
बीड जिल्हा